चिमूट

"रोज एक चिमूट," एवढंच सांगून
बोहुस्लाव आजोबा इस्पितळात गेले.
ते खाणीतून वर आले त्याला अकरा वर्षं झाली होती,
खाण मात्र त्यांच्या छातीतून निघत नव्हती.
किल्ली माझ्याकडे. हाविर्झोव, चौथा मजला,
जिन्यात उकडलेल्या कोबीचा वास.
मी नऊ वर्षांची.

चिमूट म्हणजे केवढी, कुणी दाखवलं नव्हतं.
शाळेला जाताना एक.
आल्यावर एक, कारण तो काचेशी यायचा,
चंदेरी, उभ्या काळ्या पट्ट्यांचा,
पतंगासारखा ताणलेला,
आणि असा बघायचा
की आई कामावरून उशिरा येते
हे त्याला ठाऊक असावं.
म्हणून आणखी एक.
रविवारी पाच.

तेराव्या दिवशी तो काचेशी आला नाही.
पाण्याच्या वरच्या कडेला तोंड लावून
हवा ओढत होता. पर मिटलेले,
कल्ले लालबुंद.
खाली खड्यांच्या फटींत
पांढरी बुरशी धरलेली,
माझी सगळी माया.

त्याच संध्याकाळी आजोबा परतले.
कोट न काढताच टाकीपाशी वाकले.
मी म्हटलं, औषध आणू? दुकान सातपर्यंत उघडं असतं.
"आजारी तो नाही, वेंदुला. पाणी आजारी आहे.
तो नुसता त्यात राहतो."

काचेच्या नळीत ते पाणी, त्यात थेंब.
पिवळं राहायला हवं होतं.
हिरवं झालं, आणि होतच गेलं.
टाकीत तर किती नितळ दिसत होतं!
"खाली दिव्याच्या ज्योतीवर निळी टोपी चढायची," ते म्हणाले,
"वायू आपल्याला दिसत नाही, ज्योतीला दिसतो.
टोपी दिसली की मुकाट मागे फिरायचं.
याला मागे फिरायला जागा कुठंय?"

मग दोन्ही घरांतली पातेली.
पाणी उकळून, निववून,
कोपर बुडवून ऊब जुळवून,
उंचावरून ओतायचं, म्हणजे त्यात श्वास मिसळतो.
सगळं एकदम नाही, चौथा हिस्सा.
उद्या पुन्हा चौथा.
स्पंज मी नळाखाली धरणार तोच त्यांनी मनगट पकडलं:
"काढलेल्या मळक्या पाण्यातच पीळ.
त्यात न दिसणारे जीव राबतात,
रात्रपाळीचे. नळाखाली मरतील."

तळाचा गाळ ओढायची रबरी नळी मात्र
त्यांना तोंडानं भरता येईना.
दोनदा ओढलं, दोनदा खोकले,
ओट्याला धरून उभे राहिले.
म्हणून मी ओढली.
घोटभर तोंडात आलंच.
थुंकले, चूळ भरली, पुन्हा भरली,
आणि चव गेली नाही.
तेरा दिवस तो यात
श्वास घेत होता.

तीन दिवस खाणं बंद.
न्हाणीघरात रात्रभर उघड्या बादल्या,
क्लोरीन उडून जावा म्हणून.
अंधारात लघवीला उठले
तर चारही बादल्यांत
रस्त्यावरचा दिवा, चार वेळा.

चौथ्या दिवशी थेंब टाकले
आणि आम्ही दोघं नळीकडे बघत बसलो.
पिवळं.
त्यांनी माझा अंगठा आणि बोट धरून
डबीत नेलं, बाहेर काढलं.
"एवढी."
इतकं थोडं, की बोटांना
कळलंही नाही काही धरलंय.

तू किती घालत होतीस,
हे त्यांनी मला विचारलं नाही.
त्या दिवशी नाही, पुढेही नाही.

मासा वर आला. एक कण घेतला,
थुंकला,
पुन्हा घेतला.
आजोबांनी खिडकी उघडली,
बाहेर चिमण्यांचा धूर खाली बसला होता.
थोडं खोकले,
आणि लावून घेतली.