लाळ

लुमाण्णाच्या काखेत ती चार दिवस होती.
चार दिवस तो काजूत जात होता, बिया वेचत होता,
जांबोटीच्या बाजारात भावावरून भांडत होता,
रात्री माझ्या शेजारी घोरत होता,
आणि काखेत ती,
आधी तिळाएवढी, मग तुरीएवढी,
मग भिजलेल्या हरभऱ्याएवढी.

"कळालं कसं न्हाई गा तुला?"
"दुखलंच न्हाई गे."

खानापूरच्या दवाखान्यात रक्त न्यायला आली ती गिरिजा,
हुक्केरीकडची, मराठी अडखळत बोलणारी.
म्हणाली, आमच्यात गोचिडीला उण्णे म्हणतात,
लोकरीलाही उण्णेच.
म्हटलं, मग बरोबर आहे. मऊ असणार. म्हणून कळत नाही.
"मऊ नाही अक्का. लाळ."

आधी तोंड रुतवते, म्हणाली,
भोवतीनं गिलावा करते, उपटाल तर कातडी सोबत येते.
मग लाळ सोडते. तिच्यात प्रथिनं.
एक रक्ताला समजावतं, गोठू नको,
तू अजून आतच आहेस, बाहेर पडलंच नाहीस.
एक खाजेला उठायच्या आत गिळून बसतं.
आणि एक,
अंगातून मदतीला बोलवायला निघालेल्या निरोप्याला
बांधावरच गाठून गप्पांत गुंतवतं.
"किती प्रकार असतात गं?"
"शेकड्यांनी. अजून मोजतातच आहेत."

डोळे नाहीत. नाक पायात.
गवताच्या शेंड्यावर पुढचे पाय पसरून
कुणाच्या तरी श्वासाची वाट बघायची,
आणि तोंडात एवढं शिक्षण.
मला राग यायला पाहिजे होता.

मी म्हशीच्या कासेजवळच्या रोज वीस-वीस काढते,
रॉकेलच्या डब्यात टाकते.
वाटायचं, बिचारीची वेदना काढतेय.
वेदना नव्हतीच तिथं.
ती रवंथ करत उभी असायची
आणि थेंबाथेंबानं हलकी होत असायची.

पाचव्या दिवशीही ताप उतरला नाही.
ओढ्याकाठी माकड मेलेलं सापडलं,
वनखात्याची जीप गावात येऊन गेली,
असं जाऊबाईंनी फोनवर सांगितलं.
लुमाण्णा वर पंख्याकडे बघत होता,
पण बघत नव्हता.
नाव घेतलं. ओ नाही.
कपाळावरची पट्टी बदलली. काही नाही.

वॉर्डात कुणाचं लक्ष नाही असं बघून
मी त्याच्या दंडाला चिमटा काढला,
नख रुतेल असा.

"आयो! काय करूलालीस गे!"

शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली.
मी पदर तोंडात कोंबून हसत होते,
डोळ्यांतलं पाणी कुठं पुसावं कळत नव्हतं.
निरोप पोचला होता. कुणी अडवला नव्हता.

"दुखलं काय?"
"मग?"
"थांब," म्हटलं, "आणखी एक काढते."