गुरुवारी या

फेर्रारात धुकं उतरलं तरी लोक सायकलवरून उतरत नाहीत,
फक्त घंटी जरा जास्त वाजवतात.
माझी घंटी वाजत नव्हती.
खरं तर ती सायकल माझी नव्हेच,
पण ते नंतर.

नीवेसचं दुकान तटबंदीच्या आतल्या अंगाला,
दोन माणसं आणि दीड सायकल मावेल एवढं.
दारावर पुठ्ठा: बारा ते चार बंद.
खाली वेगळ्या शाईत: साडेतीनला वाजवून बघू नये.
आत गेलं की ती "या" म्हणत नाही.
आधी चाकाकडे बघते, मग चेनकडे,
मग, वेळ उरला तर, माणसाकडे.

माझ्यापुढे एक गृहस्थ होते,
अंगाला चिकटलेले कपडे,
सायकल इतकी हलकी की दोन बोटांवर तोललेली.
"आत्ता होईल?"
"गुरुवारी या."
"रिंगरोडच्या मोठ्या दुकानात तासाभरात देतात,
वर कॉफी पाजतात."
"मग इथे कशाला कोरडे उभे आहात?"
ते गेले. तिने त्यांच्यामागे दार लावून घेतलं,
थंडी आत येऊ नये म्हणून. बहुधा.

मी रिंगरोडला जाऊन आले होते, हे बोलले नाही.
तिथल्या पोराने माझं आडनाव सहा वेळा घेतलं,
पडद्यावर सायकलचं चित्र उघडलं,
बदलायच्या भागांना लाल ठिपके देत गेला.
बघता बघता सायकलभर गोवर उठला.
"यापेक्षा नवीच घ्या," म्हणाला आणि हसला.
हसूही गणवेशासोबतच मिळालं असावं.

नीवेसने सायकल उलटी केली.
"चेन कोणी धुतली? भांड्याच्या साबणाने?"
मी गप्प.
तीस वर्षं गणित शिकवणारी बाई,
फळ्यापुढे उभी केल्यासारखी.
तिने चाक फिरवलं,
शेजारणीचं भांडण ऐकावं तशी मान वाकवली,
दोन तारा आवळल्या, आऊट काढला.
मग घंटी उघडली. आत वाळलेला च्युइंगम.
सुरीने खरवडून कागदावर ठेवला, माझ्यासमोर सरकवला.
"हा तुमचा नव्हे.
आणि सीटही तुमची नव्हे. चवड्यांवर उभं राहून चालवता की काय?"

"जरा खाली घ्या," मी म्हटलं.
घेतली. चार बोटं, मग आणखी एक.
पण त्याआधी दांडीवर, जुन्या उंचीपाशी,
पांढऱ्या रंगाची रेघ ओढली, नखाएवढी.
"आला की शोधत बसेल नाहीतर."

मी लापोचं नाव काढलं नव्हतं.
तो रॉटरडॅमच्या बंदरात क्रेनवर बसतो,
जमिनीपासून चाळीस मीटर,
नाताळात येतोच असं नाही,
हे तिला सांगणारही नव्हते.

तिने वही काढली. पानापानावर काळे अंगठे.
*लापो. दोन ट्यूब. मार्च.*
साल नाही.
"माझे किती? त्याचेही यातच घ्या."
"तुमचे सात."
"आणि त्याचे?"
"त्याचं खातं वेगळं."
"अहो, मी आई आहे त्याची."
"असाल."
वही मिटली. "उधारी त्याची. तो देईल."

सात दिले. पावती मागायचा धीर झाला नाही.
बाहेर येऊन घंटी वाजवली, समोर कुणी नसताना.
दाराआडून आवाज आला,
"वाजते, वाजते! हवा बघत जा दर आठवड्याला!"
दगडी फरशीवरून घरापर्यंत
एकदाही कुरकुर नाही,
थांबले तर दोन्ही पाय टेकत होते,
आणि मांड्यांच्या मध्ये कुठेतरी ती रेघ, मला न दिसणारी.

रात्री फोनवर म्हटलं, "नीवेसचे पैसे राहिलेत तुझे."
बराच वेळ नुसता वारा, वरचा.
मग म्हणाला, "दोनच लिहिल्यात?
तीन होत्या."