निळी अंडी

महिन्याचा पहिला सोमवार. कास्त्रोच्या डायलिसिस केंद्रात
सुई टोचली की, यंत्र सुरू व्हायच्या आधी,
प्रत्येकाच्या चार नळ्या भरतात.
बुधवारी कागद येतो माझ्या टेबलावर
आणि मी, आहारतज्ज्ञ, तांबड्या पेनाने
माणसं तपासते.

सहा वर्षं मी एउदोसिया रेमोल्कोयला 'नको' म्हणत आले.
बटाटा नको. बटाट्याच्या बेटावर जन्मलेल्या बाईला!
तिच्या वावरात जांभळे, काळे, बोटांसारखे वाकडे,
अकरा जातींचे. मी म्हटलं, सोला, चिरा,
रात्रभर भिजवा, ते पाणी ओता,
उकळा, तेही ओता.
"मग उरतं काय?"
"बटाटा."
"बटाट्याचं भूत," ती म्हणाली.
धुरावलेले शिंपले नकोत. चीज नको. पाणी मोजून.
तिचं पोटॅशियम शहाण्या मुलासारखं खाली बसायचं.

आणि खिडकीजवळ बेलार्मिनो बार्रिया,
एकशे चार किलो, जन्मभर लाकडाचा ट्रक चालवलेला,
किसलेल्या बटाट्याची चरबीत तळलेली भाकरी
चोरून खाणारा. क्रिएटिनिन बारा.
कॉलेजात शिकवलं होतं, हा आकडा चढला की वाईट.
इथे पुष्कळदा उलटं वाचायचं असतं,
हे मला खुर्च्या रिकाम्या होताना कळलं.
क्रिएटिनिन म्हणजे अंगावर अजून मांस आहे.
ज्याचे आकडे गोड होत जातात
त्याच्याकडे आधी बघायचं.

एउदोसियाचं क्रिएटिनिन उतरलं. युरिया उतरला.
फॉस्फरस तर अगदी दृष्ट लागण्यासारखा.
आणि अल्ब्युमिन: तीन पॉइंट नऊ. तीन सहा. तीन तीन.
ऑगस्टच्या थंडीत दोन नऊ.
डॉक्टरांनी त्याभोवती गोल काढला
आणि खिडकीबाहेर धुकं बघत राहिले.

मी तिच्या खुर्चीशी स्टूल ओढलं.
"आता खा."
"काय?"
"मासे. मांस. रोज दोन अंडी तरी."
ती इतकी हसली की यंत्राचा गजर वाजला,
नर्सने येऊन नळी सरळ केली.
"सहा वर्षं ताटातलं काढलंस,
आता माझंच रक्त दाखवून वाढतेस?"

मला उत्तर नव्हतं. विचारलं, कोंबड्या आहेत ना?
होत्या. सात. निळी अंडी घालणाऱ्या, इथल्याच जातीच्या.
पण अंडी रविवारी फेरीबोटीतून
दाल्काउएच्या बाजारात जातात,
अंड्यांचं सरपण होतं,
सरपणावर हिवाळा निघतो.
"खाल्ली तर जाळू काय?"

रक्तातलं सरपण मोजायची नळी नाही.
तिच्या तक्त्यावर मी लिहिलं होतं, 'भूक कमी'.
ते खोडलं. त्याजागी काय लिहावं सुचेना,
तशीच रिकामी आहे ती ओळ.

बेलार्मिनो झोपलाय असं आम्हा दोघींना वाटलं होतं.
शुक्रवारी त्याच्या पुतण्याने ट्रक फेरीवर चढवला
आणि एउदोसियाच्या दारात लाकडं ओतली.
ओली!
दोन दिवस ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.
मग चुलीभोवती ओंडके उभे करून सुकवत बसली,
आणि बसल्या बसल्या
अंडं उकडलं.

ऑक्टोबर. तीन दोन.
मी कागद तिच्यापुढे धरला.
चष्म्याशिवाय तिला फक्त तांबडं दिसतं.
"नापास?"
"नापास. निदान साडेतीन लागतात."
"म्हणजे त्याच वर्गात आणखी एक वर्ष,"
असं म्हणत तिने मोकळ्या हाताने
पिशवीतून एक निळं अंडं काढलं
आणि माझ्या कोटाच्या खिशात सोडलं.

कच्चं होतं.
संध्याकाळपर्यंत मी
जपून वाकत राहिले.