मात्रा

पाटी रंगवणारा टेंभी नाक्याचा.
लिहायचं होतं डॉ. मिल्का रोहेकर,
त्यानं लिहिलं रोहकर.
मात्रा राहिली, आणि पैसे घेऊन गेला तो गेलाच.
बाई स्टुलावर चढल्या,
कापसाचा बोळा जेन्शन व्हायोलेटमध्ये बुडवला
आणि ह वर ती तिरकी रेघ ओढली, जांभळी.
उतरून म्हणाल्या, "आता बरी."
जणू पाटीलाच काही झालं होतं.

मी त्यांचा कंपाउंडर. एकतीस वर्षं.

सुरुवातीला माणसं यायची ती बाईंचं टेबल ओलांडून
थेट माझ्या खिडकीशी. मला रामराम.
"डॉक्टरसाहेब, खोकला हटत नाही."
समोर बाई बसलेल्या, गळ्यात नळी.
मी म्हणायचो, डॉक्टर त्या.
ते म्हणायचे, हो, पण तुम्हीच बघा की.

शनिवारी बाई पैसे घेत नसत.
त्यांच्या धर्मात त्या दिवशी पैशाला शिवायचं नाही.
नेम देवाचा, हिशेब चेंदणीचा:
आठवडाभराचं दुखणं लोक शनिवारपर्यंत राखून ठेवायचे.

एकदा मी "डॉक्टर त्या" असं म्हणालो नाही.
विटाव्याच्या मिठागराचा मुकादम आला होता,
बाई राबोडीला, बाळंतिणीकडे.
मी खुर्चीत बसलो. त्यांच्या.
नाडी धरली, त्या बघतात तसं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत.
लाल औषध दिलं, बाटलीला कागदाची पट्टी, सहा खुणा.
त्यानं वाकून नमस्कार केला
तो मी घेतला.
गोड लागला. खोटं कशाला बोलू.

पुढच्या शुक्रवारी, दिवेलागणीला,
बाईंनी वात नुकती लावलेली,
मुकादमाचा जावई होडी घेऊन आला.
छाती भरली होती. श्वास भात्यासारखा.
बाईंनी कंदिलाच्या उजेडात आधी रोगी पाहिला
मग उशाशी बाटली.
पट्टीवरच्या खुणा माझ्या हाताच्या.
माझी कात्री जराशी डावीकडे जाते, सगळ्या ठाण्यात कुणाची जात नाही.
बोलल्या काही नाहीत.
रात्रभर अळशीचं पोटीस, सुई, पुन्हा पोटीस.
मला सांगत गेल्या, पाणी तापव. पाणी बदल.
पहाटे मुकादमानं पेज मागितली.

परतताना ओहोटी. होडी चिखलात बसली.
समोर कळव्याचा पूल, डोक्यावर बगळे,
नाखवा वल्हं टाकून बिडी ओढत.
तेव्हा म्हणाल्या, "धर्मा,
कॉलेजात चिरफाडीच्या खोलीत
पोरं माझं स्टूल उचलून न्यायची. रोज.
वर्षभर मी उभ्यानं शिकले.
तुला बसायला
एक दुपार पुरली."

मला वाटलं, गेली नोकरी.
भरती आली, होडी हलली.
धक्क्यावर उतरताना म्हणाल्या, "सोमवारी आठला.
लाल औषध संपलंय, ते आधी कर."

जांभळा रंग टिकत नाही. त्याच वर्षी पाऊस सरल्यावर
पाटी पुन्हा रोहकर झाली.
मी विचारलं नाही. स्टूल घेतलं,
चढलो.
मग दर दसऱ्याला.

भाऊ, भाचरं सगळी आगबोटीनं गेली, त्यांच्या देशाला.
बाईंनाही पत्रं यायची, निळी, पातळ.
त्या ती तारखेवार लावायच्या आणि म्हणायच्या,
कोपरीच्या सुनेचे दिवस भरत आलेत, आत्ता कसं जायचं.
कोपरीत कुणा ना कुणा सुनेचे दिवस भरतच असायचे.

आता पाटी माझ्या घरी, कपाटामागे.
हात थरथरतो. गेल्या दसऱ्याला
अर्धी मात्रा र वर सांडली.
दुकानात जेन्शन व्हायोलेट मागितलं
तर काउंटरवरचा पोरगा पुढे वाकून
माझे हात, माझे गुडघे बघतो, म्हणतो,
काका, कुठे लागलंय?