अर्धी

उणे चौदा. बॅटरी मी काखेत धरून आणली,
कोटाच्या आत, स्वेटरच्याही आत,
आजारी कोंबडी न्यावी तशी.
कुरेसारेच्या बंदरामागे वाइकेचं दुकान:
एक टेबल, एक भिंग,
दारावर टाचलेला कागद:
"मेलेली आणा.
फुगलेली आणू नका, आधी फोन करा."

ड्रिल अकरा वर्षांचं.
माझ्या तळव्याने मूठ गुळगुळीत झालेली,
मोटर ठणठणीत.
बॅटरी तेवढी रुसलेली. चार्जरवर ठेवली की
लाल, हिरवा, लाल, हिरवा,
आणि मग काही नाही.
नवी मिळत नाही. कंपनीने खाच बदलली.
खाच! दोन मिलिमीटरचा फरक,
आणि अख्खं अवजार पोरकं.

वाइकेने चार स्क्रू काढले, टोपण उचकटलं.
आत दहा नळकांडी, दोन-दोनच्या पाच जोड्या,
निकेलच्या पट्टीने जखडलेल्या.
मीटरची टोकं टेकवत ती मोठ्याने वाचत गेली,
शाळेत हजेरी घेतात तशी:
तीन पूर्णांक सहा.
तीन सहा.
तीन सहा.
मग जरा थांबून, शून्य पूर्णांक चार.
तीन सहा.

"मग तेवढीच जोडी बदल," मी म्हटलं.
तिने चष्म्यावरून पाहिलं.
"चार थकलेल्या जोड्यांत एक ताजी?
भरताना जुन्या आधी ओसंडतात,
उतरताना आधी तळ गाठतात,
नवीला निम्मंच जगायला मिळतं.
दोन हिवाळ्यांत परत येशील, अर्वी.
बदलायच्या तर दहाच्या दहा."

मग उलटतपासणी.
ठेवतोस कशी? पूर्ण भरून.
कुठे? गाडीत.
रात्रभर? ...हो.
आणि सकाळी गारठलेलीच चार्जरला लावतोस?
मी भिंतीवरच्या भरती-ओहोटीच्या, नाही,
आमच्याकडे कुठली भरती-ओहोटी,
होड्यांच्या वेळापत्रकाकडे बघत राहिलो.
"बाप म्हणायचा, पार संपवायची, मगच भरायची."
"बापाची बॅटरी वेगळी होती. तिला खोडी लागायची.
हिला उपास सोसत नाही,
आणि तुडुंब पोटी झोपही सोसत नाही.
काम नसेल तेव्हा अर्धी ठेव. घरात.
गारठली तर आधी ऊब दे, मग वीज."

वेल्डिंगचं यंत्र तिने स्वतःच जुळवलेलं.
पायाने दाबलं की टिक,
आणि निळसर ठिणगी, तांदळाच्या कणीएवढी.
चाळीसदा टिक. मी मोजलं.
दुसरं काय करणार, हात रिकामे होते.

शेवटी तिने जुन्या आठ माझ्यापुढे सरकवल्या.
"यांत जीव आहे. छप्परं ठोकण्याइतका नाही.
नेतोस?"
"काय करू नेऊन?"
तिने त्या बरणीत टाकल्या,
बरणीवर तारीख लिहिली. माझं नाव नाही.
दोन मेलेल्या, टोकांना चिकटपट्टी लावून,
लोखंडी डब्यात गेल्या, मुख्य भूमीला जाणाऱ्या.

पैसे नव्या ड्रिलच्या निम्म्याहून थोडे कमी.
घासाघीस केली नाही. करणार होतो.

मार्चमध्ये खाडी अजून गोठलेली.
मी देवदाराच्या फळ्या घेऊन किनाऱ्याने येत होतो,
बर्फावर गळ टाकून बसलेल्यांचे तंबू,
प्रत्येकात एक पिवळा दिवा.
एका म्हाताऱ्याला विचारलं, दिवा कुठला?
"वाइकेचा," तो म्हणाला. "कुणाच्या तरी मेलेल्या बॅटरीचा."
आणि मासा पळेल म्हणून मला गप्प बसवलं.

आता बॅटरी स्वयंपाकघरात असते,
पावाच्या डब्याशेजारी, दोन दिवे पेटलेले, दोन विझलेले.
मेरी म्हणते, हे काय जेवणाच्या टेबलावर?
परवा तिने विचारलं,
"भरली नाहीस का रे?"
"नाही," मी म्हटलं. "उद्या रविवार."