स्टेपनी

दिल्लीत दहा वर्षं भरली की डिझेल गाडी म्हातारी ठरते.
मग तिला ग्वाल्हेरला आणतात.
सिकरवार तिला शाम्पूनं धुतो, टायर काळे करतो
आणि म्हणतो, "मोघेजी, अभी तो जवान है."

गोला का मंदिरच्या अलीकडे, त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये
दोघी उभ्या होत्या. सख्ख्या बहिणी.
एकच करडा रंग, एकच साल, तेच लांब मागचं अंग.
एकीच्या पाठीवर हिरव्या अक्षरांत इको,
दुसरीच्या पाठीवर काहीच नाही.
"आणि हिचं नाव?"
"ये? स्टँडर्ड."
म्हणजे जिच्याबद्दल मुद्दाम सांगावं असं काही नाही, ती.

माझा धंदा काटे दुरुस्तीचा.
मंडीतले, रेशनच्या दुकानातले, मुरैन्याच्या गजकवाल्यांचे.
बिडाची वीस-वीस किलोची बारा वजनं घेऊन फिरतो,
त्यांच्यासमोर काट्यानं खरं बोलायचं असतं.
म्हणून लांब गाडी. सपाट डिकीची.

शाल्मलीनं मोबाइलवर हिशेब मांडला:
इको लिटरला चार किलोमीटर जास्त देते,
भिंड, डबरा, दतिया धरून महिन्याचे अठराशे,
"वरचे चाळीस हजार दोन वर्षांत फिटतात, बाबा."
हिशेब बरोबर होता. तिचा नेहमीच असतो.

मी गुडघ्यावर बसून खालून पाहिलं.
इको दोन बोटं खाली बसवलेली, वारा चुकवायला.
वारा चुकेल,
पण दोनशे चाळीस किलो घेऊन
भिंड रोडचा गतिरोधक कसा चुकवायचा?
डिकीतला गालिचा उचलला, तर
स्टेपनीच्या जागी गोल खड्डा,
खड्ड्यात फेसाची बाटली आणि एवढासा पंप.
"वजन बचाने के लिए," सिकरवार म्हणाला.

एकतीस वर्षं या कामात आहे.
वाचवलेलं वजन कुठं जातं, मला ठाऊक आहे.
कुणाच्या तरी पिशवीत ते कमी भरलेलं असतं.

तरी चालवून पाहिली.
फूलबागेच्या सिग्नलला इंजिन एकदम गप्प.
"बंद पडली."
"पडली नाही, बाबा. थांबलीय. लाल असेपर्यंत पीत नाही."
बासष्ट सेकंद होते लाल.
गाडीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती,
घड्याळ ऐकू आलं माझ्या मनगटावरचं.
चव्वेचाळिसाव्याला ती म्हणाली,
"होसूरची नोकरी घेतेय मी.
काट्यांचं नाही जमायचं मला."
मी आकड्यांकडे बघत राहिलो.
एकोणीस. अठरा.
मग क्लच दाबला आणि इंजिन आपलं आपण सुरू,
जसं मधे कुणी काही बोललंच नव्हतं.

नंतर दुसरी चालवली. त्याच रस्त्यानं, त्याच सिग्नलला.
ही थांबूनही घुरघुरत राहिली, गिअरचा दांडा थरथरत.
शाल्मलीचे ओठ हलले.
"काय?"
"काही नाही."

स्टँडर्ड घेतली.
स्टेपनीला अजून रबराचे केस आहेत,
दहा वर्षं दिल्लीत राहून ती एकदाही जमिनीला टेकली नाही.
त्या खड्ड्यात, चाकाखाली,
कुण्या पोराची निळी पेन्सिल सापडली. ती राहू दिली.

शाल्मली रविवारी फोन करते.
विचारते, किती देतेय?
मी दोन वाढवून सांगतो.
काट्यात असं केलं असतं तर सील लागलं असतं.

फूलबागेला लाल लागला की
आता मीच चावी फिरवतो.
मागची बारा वजनं एकमेकांना टेकून गप्प होतात.
शेजारच्या सीटवर पावतीपुस्तक.
चव्वेचाळीस येतो, जातो.
आकडा पाचावर आला की पुन्हा चावी,
आणि तेवढ्यात मागचा टेम्पोवाला
हॉर्न वाजवतोच.