भिंतीची बाजू

आमच्या चुनाभट्टीच्या खोलीत पलंग नव्हता.
एक फळी होती, अडीच फुटी, तीन बिजागऱ्यांवर.
दिवसा उभी, रात्री आडवी,
बाहेरच्या कडेला दोन साखळ्या.

बिजागऱ्या नागदेवीतून आणलेल्या, लोखंडी,
एकेक तळहातावर जोखून.
पांचाळ मिस्त्री भोकं पाडताना म्हणाला,
साखळी वरती ठोकायची, हात पुरेल तिथवर.
खाली ठोकली की आडवी पडते,
आणि आडवी साखळी
उचलते कमी, भिंतीलाच ओढते जास्त.
मग शकुआत्याकडे बघून, जरा चाचरत:
जड माणसानं भिंतीकडे निजायचं. हलक्यानं कडेला.
आत्या खो खो हसली. त्याला चहा टाकला.

मी तेव्हा सात वर्षांची.
स्टेशनच्या काट्यावर अठरा किलो.
कडेची जागा माझी झाली.
आत्या भिंतीला चिकटून, बिजागरीला पाठ लावून,
हिशेबात जवळजवळ नसल्यासारखी.
मी कूस बदलली की साखळी कुरकुरायची,
तिनं बदलली तर काहीच नाही.
मला वाटायचं, या घरात माझंच वजन आहे.

नववीत बाईंनी फळ्यावर लिहिलं: आघूर्ण.
बल गुणिले अंतर.
सगळा वर्ग दाराच्या कडीकडे वळून बघत होता.
मला आत्याचं अंतर पाठ होतं, आठ इंच.
माझं दोन फूट.

मग तिचं जेवण तुटलं. मग परळच्या चकरा,
फायली, रांगा, केळी.
पेन्सिलच्या कारखान्यानं तिचा हिशेब करून टाकला.
बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या.

एका रात्री फळी उतरवली, आकडे अडकवले,
तर ती आधीच कडेला जाऊन बसलेली.
सरक भिंतीकडे, म्हणाली. आता तू जड.
पडशील गं.
मिस्त्री काय सांगून गेला होता?

त्या रात्री दोघींपैकी कुणीतरी
बऱ्याचदा कूस बदलली.
साखळी कुरकुरली नाही.
मी पहाटेच्या नळापर्यंत कान देऊन होते.

आता एकटीच आहे. मधोमध निजले
तरी चालेल, साखळ्या भक्कम आहेत,
मागच्या वर्षी एक बिजागरी तेवढी बदलली.
पण अंग आपसूक भिंतीकडे जातं.
कडेला तिची चादर असते, घडी केलेली.
वजन पाव किलो.
अंतर दोन फूट.